४८.२ षटकं म्हणजे नेमकी किती? बाकी आणि दशांश यांचा हिशेब

२ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर धोनीनं कुलसेकराला षटकार मारला आणि विश्वचषक आपला झाला. त्या क्षणी धावफलक सांगत होता: भारत ४ बाद २७७, षटकं ४८.२. या डावाची धावगती काढायला सांगितली तर पुष्कळ जण मोबाइलवर २७७ भागिले ४८.२ करतील आणि ५.७५ हे उत्तर सांगतील. धावपत्रिकेत मात्र ५.७३ छापलेलं आहे. मोबाइलनं भागाकार बरोबर केला, धावपत्रिकाही बरोबर आहे, तरी दोन उत्तरं जुळत नाहीत.

घोळ आहे तो ४८.२ मधल्या टिंबात. ४८ षटकं पूर्ण झाली आणि एकोणपन्नासाव्या षटकाचे २ चेंडू पडले, एवढंच ते टिंब सांगतं. भारत एकूण २९० चेंडू खेळला. २९० ला ६ नं भागलं की भाग ४८ चा लागतो आणि बाकी २ राहते. टिंबापुढचा २ ही ती बाकी आहे. दशांशात लिहायचं तर ६ पैकी २ चेंडू म्हणजे षटकाचा एक तृतीयांश, म्हणजे ०.३३, आणि षटकं झाली ४८.३३. आता २७७ ला ४८.३३ नं भागा, ५.७३ येतं.

षटकांची बेरीजही याच कारणानं चुकते. एका गोलंदाजाची ३.४ षटकं आणि दुसऱ्याची २.५ षटकं मिळून ६.९ होत नाहीत. पहिल्याचे २२ चेंडू, दुसऱ्याचे १७, एकूण ३९ चेंडू, म्हणजे ६.३ षटकं. गल्लीतल्या सामन्यात वही घेऊन बसणाऱ्या पोरालाही हे पाठ असतं, कारण तो आधी चेंडू मोजतो आणि मग षटकं करतो. वहीवाल्या पोराची ही पद्धत गणिताच्या दृष्टीनं अगदी शास्त्रशुद्ध आहे: आधी सगळं लहान एककात आणा, मग भागा.

भागाकाराचं उत्तर आपण दोन तऱ्हांनी लिहितो. एक, भाग किती लागला आणि बाकी किती उरली. दोन, दशांशात. शाळेत आधी पहिली तऱ्हा शिकवतात, पुढे एक-दोन वर्षांनी दुसरी, आणि या दोहोंचं एकमेकांशी काय नातं आहे हे सांगायचं बहुधा राहूनच जातं. माझ्या मते भागाकारातल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे. नातं एका ओळीत सांगता येतं: बाकीला भाजकानं भागलं की दशांशाचा भाग मिळतो, आणि दशांशाच्या भागाला भाजकानं गुणलं की बाकी परत मिळते. २ भागिले ६ बरोबर ०.३३३…, आणि ०.३३३… गुणिले ६ बरोबर २.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची: भाजक माहीत नसेल तर नुसत्या बाकीवरून काहीच ठरत नाही. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं. तिथल्या जुन्या धावपत्रिकेत १०.४ लिहिलं असेल तर ती नेमकी साडेदहा षटकं. आजच्या धावपत्रिकेतली १०.४ म्हणजे १०.६७. लिहिलं तेच, अर्थ वेगळा, कारण एकीकडे भाजक ८ आहे आणि दुसरीकडे ६.

क्रिकेटमध्ये ही चूक झाली तर फार तर वाद होईल. जमिनीच्या वाटणीत झाली तर पैसे जातात. गावाकडे जमीन एकर-गुंठ्यांत बोलली जाते आणि ४० गुंठ्यांचा एक एकर असतो. समजा पाच एकर दहा गुंठे जमीन चार भावंडांत सारखी वाटायची आहे. कागदावर कुणीतरी '५.१०' लिहितं, दुसरा कुणी ते कॅल्क्युलेटरवर चढवून ४ नं भागतो आणि प्रत्येकाला १.२७५ एकर येतात असं सांगतो. आता हेच नीट करू. पाच एकरांचे २०० गुंठे, वरचे १०, एकूण २१० गुंठे. चारांत वाटले की प्रत्येकी साडेबावन्न, म्हणजे एक एकर साडेबारा गुंठे. चुकीच्या हिशेबातले १.२७५ एकर म्हणजे ५१ गुंठे. प्रत्येकाचा दीड गुंठा कमी पडला. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा; दीड गुंठा झाला १६३३.५ चौरस फूट. एवढ्यात एक बऱ्यापैकी घर उभं राहतं. चौघांचे मिळून सहा गुंठे हिशेबातून गायब झाले, ते केवळ १० गुंठे म्हणजे ०.१० एकर असं धरल्यामुळे. खरं तर १० गुंठे म्हणजे १० भागिले ४०, पाव एकर, ०.२५.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. शंभर आरांचा एक हेक्टर, त्यामुळे तिथे टिंब दशांशाचंच काम करतं आणि हा गोंधळ होत नाही. फक्त २ हेक्टर ५ आर हे २.५ असं न लिहिता २.०५ लिहायचं, कारण शंभरातले पाच म्हणजे ०.०५. अडचण येते ती एकर-गुंठ्यांचा बोली हिशेब आणि हेक्टर-आरचा कागद समोरासमोर ठेवताना. तेव्हा सगळं आधी गुंठ्यांत आणायचं, मग पुढचं बघायचं.

अशी उदाहरणं रोज भेटतात. एखाद्या कामगाराचे ७ तास ४५ मिनिटं भरले आणि ताशी १२० रुपये दर असेल, तर ७.४५ गुणिले १२० म्हणजे ८९४ रुपये हा हिशेब चुकीचा. ४५ मिनिटं म्हणजे ४५ भागिले ६०, पाऊण तास, ०.७५. त्याचे ७.७५ गुणिले १२०, म्हणजे ९३० रुपये व्हायला हवेत. एका दिवसात ३६ रुपयांचा फरक. लग्नाच्या बायोडेटात उंची ५.८ लिहिलेली असते. ती पाच फूट आठ इंच, दशांशात ५.६७ फूट. आणि ५.१ हे पाच फूट एक इंच की घाईत शून्य गळलेलं पाच फूट दहा इंच, हे विचारूनच घ्यावं लागतं.

आता बाकीतून दशांश तयार कसा होतो ते सावकाश पाहू, कारण इथेच खरी गंमत आहे. त्यासाठी जुन्या रुपयाची मदत घेऊ. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता आणि आणा बारा पैंचा. त्या काळात १०० रुपये सात जणांत वाटायचे असते तर हिशेब असा झाला असता. शंभरात सात चौदा वेळा, सात चोक अठ्ठावीस म्हणत ९८ पर्यंत गेलो, बाकी २ रुपये. दोन रुपये सात जणांत वाटता येत नाहीत, म्हणून मोडले: ३२ आणे. त्यात सात चार वेळा, २८ गेले, बाकी ४ आणे. तेही मोडले: ४८ पै. त्यात सात सहा वेळा, ४२ गेल्या, बाकी ६ पै. प्रत्येकाला १४ रुपये ४ आणे ६ पै. पैच्या खाली नाणं नव्हतं, म्हणून इथे थांबायचं आणि उरलेल्या ६ पैंचं काय करायचं ते सातांनी आपसांत ठरवायचं.

दशांशाचा भागाकार हाच आहे. फरक एवढाच की मोडताना कधी सोळानं, कधी बारानं गुणण्याऐवजी दर वेळी दहानंच गुणायचं. बाकी २ उरली, तिचे केले २० दशांश. विसात सात दोनदा, बाकी ६. तिचे ६० शतांश, साठात सात आठ वेळा, बाकी ४. चाळिसात सात पाच वेळा, बाकी ५. पन्नासात सात सात वेळा, बाकी १. दहात सात एकदा, बाकी ३. तिसात सात चार वेळा, बाकी २. उत्तर झालं १४.२८५७१४. शाळेत 'टिंब द्या आणि शून्य उतरवा' असं सांगतात ना, ते उतरवलेलं शून्य म्हणजे उरलेली बाकी दहापट लहान एककात मोडणं. शून्य कुठून येतं हे ज्याला कळलं, त्याला दशांशाचा भागाकार वेगळा पाठ करावा लागत नाही.

१९५७ मध्ये सरकारनं रुपयाचे शंभर नवे पैसे केले तेव्हा जुन्या आण्याचं नव्या पैशांत काय करायचं हा प्रश्न आलाच. शंभर भागिले सोळा: भाग ६, बाकी ४, दशांशात ६.२५. पाव पैसा देणार कसा? म्हणून एका आण्याचे ६ नवे पैसे धरले, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. खरं गणित ६.२५, १२.५, १८.७५ आणि २५ होतं. चार आण्यांवर बाकी शून्य होते, म्हणून चार आणे, आठ आणे आणि बारा आणे तेवढे नव्या व्यवस्थेत जसेच्या तसे बसले. पंचवीस आणि पन्नास पैशांना चार आणे, आठ आणे म्हणणं पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं त्याला हाही एक आधार होता. सुटा आणा मात्र कधीच नीट बसला नाही. एकेका आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे, एकदम घेतल्या तर २५.

मघाच्या शंभर भागिले सातकडे परत या. सहा घरं झाल्यावर बाकी पुन्हा २ आली. सुरुवातही २ नंच झाली होती. बाकी तीच, भाजक तोच, मग पुढचे अंकही तेच येणार: २८५७१४ २८५७१४ २८५७१४, न संपता. हे टळणार नव्हतंच. ७ नं भागताना बाकी ० ते ६ यांपैकीच काहीतरी असते. शून्य आली तर भागाकार संपला. नाही आली तर १ ते ६ हे सहाच पर्याय, म्हणून जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत एखादी बाकी दुसऱ्यांदा येणार आणि अंकांचं चक्र सुरू होणार. कुठल्याही पूर्ण संख्येला शून्य सोडून कुठल्याही पूर्ण संख्येनं भागा, उत्तर एकतर कुठेतरी थांबेल किंवा कुठेतरी चक्रात शिरेल. तिसरं काही होत नाही. पाठ्यपुस्तकात यांना खंडित आणि अखंड आवर्ती दशांश म्हणतात. एवढी मोठी गोष्ट 'बाकी भाजकापेक्षा लहान असते' या चौथीतल्या वाक्यातून निघते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सातचं चक्र तर खासच आहे. १ भागिले ७ म्हणजे ०.१४२८५७ आणि पुन्हा तेच. बाक्या क्रमानं १, ३, २, ६, ४, ५ येतात, म्हणजे शक्य होत्या त्या सहाही. म्हणून २/७, ३/७ पासून ६/७ पर्यंत सगळ्यांना हेच चक्र मिळतं, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते. २/७ म्हणजे चक्रात बाकी २ पासून शिरणं: ०.२८५७१४. ३/७ म्हणजे ०.४२८५७१. त्यामुळेच १४२८५७ ला २ नं गुणलं तर २८५७१४, ३ नं गुणलं तर ४२८५७१, तेच सहा अंक फिरून येतात. ७ नं गुणलं की ९९९९९९. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांच्या नावानं ज्या संख्या ओळखल्या जातात त्यांतही ही आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९, आणि बेरीज करा. १४२८५७ परत समोर येते. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून पाहावं.

प्रत्येक भाजकाचं चक्र इतकं लांब नसतं. १३ नं भागताना बारा बाक्या शक्य आहेत, पण १/१३ चं चक्र सहा अंकांचंच आहे: ०.०७६९२३. १७ चं मात्र पूर्ण सोळा अंकांचं. ३७ चं अवघ्या तीन अंकांचं, ०.०२७०२७…

आणि थांबतं कोण? अपूर्णांकाला आधी शक्य तितका संक्षेप द्या. मग छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर दशांश थांबतो, दुसरा एखादा अवयव असेल तर थांबत नाही. कारण आपण दर पायरीला दहानं गुणतो, आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. छेदातला ३ किंवा ७ दहानं कितीही वेळा गुणलं तरी कटत नाही. गुंठ्यांचा ४० म्हणजे २×२×२×५, म्हणून कितीही पूर्ण गुंठे असोत, एकरात लिहिताना तीन घरांत काम संपतं. आण्यांचा १६ हाही थांबणारा. षटकाचा ६, फुटाचा १२ आणि तासाचा ६० यांच्यात ३ दडलेला आहे, म्हणून तिथे सारखे ०.३३ आणि ०.६७ भेटतात.

आता उलटा प्रवास. कॅल्क्युलेटर दशांश दाखवतो, आपल्याला बाकी हवी असते. १००० ला ३७ नं भागलं, पडद्यावर २७.०२७०२७ आलं. २७ वजा करा, उरलेल्या ०.०२७०२७ ला ३७ नं गुणा: ०.९९९९९९. बाकी १. पडद्यावर मोजकेच अंक मावतात, शेपूट कापलं जातं, म्हणून नेमका १ न येता जवळचं काहीतरी येतं. बाकी पूर्ण संख्याच असते, तेव्हा जवळची पूर्ण संख्या घ्यायची. मला स्वतःला याहून दुसरी वाट भरवशाची वाटते: २७ गुणिले ३७ करा, ९९९, आणि ते १००० मधून वजा करा. दशांशाला हातच लावायचा नाही. संख्या मोठी असेल तर हीच वाट धरावी.

उत्तर मिळालं तरी त्याचं करायचं काय, हे प्रश्नावर ठरतं. १३५ मुलांची सहल आहे आणि बस ४४ आसनांची. १३५ भागिले ४४ म्हणजे ३.०७. जवळची पूर्ण संख्या ३ म्हणून तीन बस सांगितल्या तर बाकीची तीन मुलं शाळेच्या फाटकात उभी राहतील. बस चार लागतील. दुसरीकडे ५०० लाडू बाराबाराच्या डब्यांत भरायचे आहेत. ५०० भागिले १२ म्हणजे ४१.६७. इथे जवळची पूर्ण संख्या ४२ असली तरी भरलेले डबे ४१ च होतील आणि ८ लाडू सुटे राहतील. म्हणजे ०.०७ असताना वर जावं लागलं आणि ०.६७ असताना खाली. अर्ध्याच्या वर असेल तर पुढची संख्या हा नियम लांबी-वजनासारख्या मापांसाठी आहे, माणसं आणि डबे मोजताना तो चालत नाही. शिवाय लाडवांच्या उत्तरात '४१, बाकी ८' हे कुणी ४१.८ असं लिहू नये. मुलांच्या वह्यांत ही चूक सर्रास दिसते. ८ लाडू म्हणजे डब्याचे आठ दशांश नव्हेत, आठ बारांश.

पैशांत तिसरीच तऱ्हा. १००० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ३३३.३३, आणि तिघांचे मिळून ९९९.९९. एक पैसा कुणाच्याच वाट्याला आला नाही. व्यवहारात एकाला ३३४ आणि दोघांना ३३३ देतात, म्हणजे बाकीचा १ रुपया एकाकडे जातो. कर्जाचा शेवटचा हप्ता बऱ्याचदा आधीच्या हप्त्यांपेक्षा थोडा वेगळा असतो तोही यासाठीच. दर महिन्याला गोल केलेल्या रकमेतला फरक शेवटी तिथे मिटवतात.

कधी कधी मात्र भाग किती लागला याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं, फक्त बाकी हवी असते. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी, कोणता वार होता? मधले दिवस मोजून ७ नं भागायचे. १५ ऑगस्ट १९४७ ते १५ ऑगस्ट १९५९ ही बारा वर्षं, त्यात १९४८, १९५२ आणि १९५६ च्या तीन २९ फेब्रुवारी: ४३८३ दिवस. तिथून १ मे १९६० पर्यंत, १९६० ची २९ फेब्रुवारी धरून, २६० दिवस. एकूण ४६४३. सातनं भागलं की ६६३ आठवडे आणि बाकी २. शुक्रवारपुढे दोन दिवस, रविवार. तो रविवारच होता. यात ६६३ चा काही उपयोग झाला नाही.

आणि ज्याचा उपयोग नाही ते सुरुवातीपासूनच टाकून देता येतं. ३६५ ला ७ नं भागलं की बाकी १, म्हणून दर साध्या वर्षाला वार एकनं पुढे सरकतो आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोननं. बारा वर्षांचे १२ आणि तीन लीप दिवसांचे ३, झाले १५, त्याची सातनं बाकी १. २६० ची सातनं बाकी १. एक अधिक एक दोन. हजारोंतली बेरीज-भागाकार तोंडी झाला. बाक्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारही असा करता येतो, फक्त प्रत्येक वेळी उत्तर भाजकाएवढं किंवा त्यापेक्षा मोठं झालं की पुन्हा त्याची बाकी घ्यायची.

मागे जाताना एक अडचण येते, आणि संगणकावर काम करणाऱ्यांना ती हमखास नडते. १५ ऑगस्टच्या दहा दिवस आधी कोणता वार होता? उणे दहाला सातनं भागून बाकी काय? पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ४ सांगते, सी ही दुसरी भाषा उणे ३ सांगते. दोघांच्या मागे गणित आहे: −१० म्हणजे ७×(−२) + ४ असंही आणि ७×(−१) − ३ असंही. शुक्रवारच्या चार दिवस पुढे मंगळवार, तीन दिवस मागेही मंगळवार. वार एकच निघाला, पण प्रोग्रॅममध्ये वारांच्या यादीतलं उणे तिसरं घर शोधायला गेलात तर काम फसेल. गणितात बाकी ० पासून भाजकाच्या एक अलीकडेपर्यंत धरतात. सीमध्ये ती तशी हवी असेल तर आलेल्या उणे बाकीत भाजक मिळवावा.

स्पर्धा परीक्षांमध्ये आणखी एक जात भेटते: अशी लहानात लहान संख्या सांगा जिला ४, ५ आणि ६ नं भागलं असता अनुक्रमे ३, ४ आणि ५ बाकी उरते. इथे दशांशाचा काही उपयोग होत नाही. बाक्यांकडे बघा: प्रत्येक बाकी भाजकापेक्षा एकानं कमी आहे. म्हणजे त्या संख्येत १ मिळवला तर ती तिन्हींनी पूर्ण भागली जाईल. ४, ५, ६ चा लसावि ६०, उत्तर ५९.

बाक्यांत असा सरळ मेळ नसेल तेव्हा जास्त कष्ट पडतात. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास अशा प्रश्नांसाठी रीत दिली, तिला पुढे कुट्टक म्हणू लागले. मोठ्या भाजकांना कुटून कुटून लहान करत नेण्याची ती रीत आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं घातलेलं एक उदाहरण आहे (चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते भास्कराचार्य वेगळे, बाराव्या शतकातले). कोणत्या संख्येला ८ नं भागल्यास बाकी ५, ९ नं भागल्यास ४ आणि ७ नं भागल्यास १ उरते?

संख्या लहान आहेत, त्यामुळे कुट्टकाशिवायही सुटेल. आठनं भागून पाच उरणाऱ्या संख्या मांडा: ५, १३, २१, २९… यांत नवानं भागून चार उरणारी पहिली संख्या लगेच सापडते, १३. आता आठ आणि नऊच्या दोन्ही अटी टिकवून पुढे जायचं तर ७२ च्या उड्या मारायच्या, कारण ७२ मिळवल्यानं आठची बाकी बदलत नाही आणि नवाचीही नाही. १३, मग ८५, मग १५७. सातनं भागून बघा: १३ ला बाकी ६, चालत नाही. ८५ ला बाकी १. उत्तर ८५. आणि ८, ९, ७ यांचा लसावि ५०४, म्हणून दर ५०४ नंतर तिन्ही अटी पाळणारी पुढची संख्या येते: ५८९, १०९३, १५९७.